चार माणसं आणि अडीच तास: इंट्रोव्हर्ट माणसाने घरी छोटी बैठक कशी जमवावी

मी पहिल्यांदा हौसेने लोकांना घरी बोलावलं तेव्हा अकरा जण आले होते. सगळे ओळखीचे, सगळे चांगले, भांडण नाही की काही नाही, पण दीडेक तासाने मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिले होते, कारण पाण्याच्या आवाजात बाहेरचं बोलणं जरा कमी ऐकू येत होतं. बाहेर हसणं चाललंय, कुणीतरी माझ्या नावाने हाक मारतंय, आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न, हे लोक जाणार कधी. शेवटचा माणूस रात्री साडेबाराला गेला आणि पुढचे दोन दिवस मला कुणाचा फोनसुद्धा घ्यावासा वाटत नव्हता. आपल्याला हे जमणारं नाही असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

पण जमतं, आणि छान जमतं. मला ते कळायला बरीच वर्षं गेली. त्या रात्रीचा विचार करताना हळूहळू लक्षात आलं की मला माणसांचा त्रास झालाच नव्हता, त्रास झाला होता तो हे कधी संपणार हे माहीत नसण्याचा. पोहणाऱ्याला काठ दिसत असला की तो निवांत पोहतो, तसंच आहे हे. म्हणून मी आता कुणालाही सांगते की बैठक ठरवायची तर आधी तिचा शेवट ठरवा आणि मग मागे मागे येत बाकीचं ठरवा. पुढे सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते

इंट्रोव्हर्ट, म्हणजे अंतर्मुख माणूस, हा माणूसघाणा नव्हे आणि लाजाळूही नव्हे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द मानसशास्त्रात रुळवले स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी, १९२१ सालच्या त्यांच्या लिखाणातून. पुढे १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी अशी मांडणी केली की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो त्यामुळे बाहेरचा गलका त्याला लवकर 'पुरे' होतो. त्यांच्या मांडणीतलं सगळंच पुढे तसंच्या तसं टिकलं नाही, पण 'पुरे होण्याची पातळी प्रत्येकाची वेगळी' ही कल्पना मला स्वतःला समजून घ्यायला खूप उपयोगी पडली. लाजाळूपणात भीती असते, लोक काय म्हणतील याची. अंतर्मुख माणसाला भीती असेलच असं नाही, त्याचा फक्त कोटा लवकर भरतो. आणि लोकांना भेटायच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडत असेल, झोप उडत असेल, त्यापायी कामं टाळली जात असतील तर तो प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी समुपदेशकाकडे जरूर जा, त्यावर चांगले उपचार आहेत. हा लेख त्यावरचा इलाज नाही.

पहिलं काम: किती वाजता संपणार ते ठरवा

माझं गणित अडीच तासांचं आहे. पहिला अर्धा तास लोक येण्यात आणि स्थिरावण्यात जातो, मधला दीड तास खरा रंगतो, शेवटचा अर्धा तास उठण्या-निघण्याचा. तुमचं गणित दोन तासांचं असेल, तीनचं असेल, गेल्या तीन-चार वेळा तुम्ही लोकांत असताना साधारण किती वेळाने तुमचं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं ते आठवा आणि त्याच्या थोडं आधीची वेळ धरा. अजून थोडं थांबावं असं वाटत असतानाच संपलेलं बरं.

ही वेळ मनात ठेवून उपयोग नाही, ती निमंत्रणातच लिहायची. 'पाच ते साडेसात.' लोकांना हे उद्धट वाटेल असं मला फार वाटायचं. उलट झालं, दोघीतिघींनी सांगितलं की बरं झालं लिहिलंस, आम्हालाही पुढचं ठरवता येतं. २०२१ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, दोन माणसांमधलं संभाषण दोघांना हवं तेव्हा संपतं का असा, आणि उत्तर होतं की जवळजवळ कधीच नाही, कारण समोरच्याला अजून बोलायचंय की निघायचंय हे दोघांनाही ओळखता येत नाही आणि दोघंही सभ्यपणाने गप्प बसतात. वेळ लिहिलेली असली की हा अंदाजपंचे खेळच संपतो.

किती जण

चार. तुम्हाला धरून चार, फार तर पाच.

हे मी नुसत्या आवडीने म्हणत नाहीये. चार जण असले की आपसात जोड्या होतात ६. सहा जण असले की १५. आठ जण झाले की २८. माणसं दुप्पट, पण जोड्या चौपटीहून जास्त, आणि कोण कुणाशी बोलतंय, कोण एकटं पडलंय, कुणाचं कुणाशी जुळत नाहीये हे सगळं आपल्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही, तिथेच दमायला होतं. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मोकळ्या गप्पा मारणाऱ्या लोकांच्या निरीक्षणावरून दाखवलं होतं की एका संभाषणात साधारण चार माणसंच टिकतात, त्यापुढे गट आपोआप फुटतो. म्हणजे सहा जणांना बोलावलंत तर दोन गप्पा समांतर चालणार हे धरूनच चाला, आणि दोन गप्पा एकाच खोलीत चालल्या की माझं तरी एकीकडेही धड लक्ष लागत नाही.

तिघांची बैठकही छान होते, पण त्यात दोघांचा जुना विषय निघाला की तिसरा नुसता बघत बसतो. चारात तसं सहसा होत नाही.

कोण कोण

इथे जरा वेळ घालवा, घाईत ठरवू नका, कारण निम्मी बैठक इथेच जमते किंवा फसते. मी कागद घेऊन नावं लिहिते. पहिलं नाव त्या व्यक्तीचं जिच्याबरोबर मला न बोलता बसता येतं. अशी एक व्यक्ती खोलीत असली की बाकी सगळं सोपं होतं, कारण तिच्यासमोर मला यजमानीण असल्याचा आव आणावा लागत नाही. दुसरं नाव एखाद्या बोलक्या माणसाचं, पण जो दुसऱ्याला बोलू देतो असा. बोलका माणूस एकच. दोन झाले की आपण प्रेक्षक होतो. चौथी जागा हवी असेल तर नव्या माणसाला द्या, एका वेळी एकच नवा, आणि बाकीच्यांपैकी निदान एकाशी त्याचं काहीतरी समान असेल असं बघा, दोघांना झाडांचं वेड असेल, दोघांच्या घरी लहान मूल असेल, काहीही.

ज्यांचं आपसात बिनसलंय त्यांना 'भेटतील तर मिटेल' म्हणून एकत्र बोलावू नका. मोठ्या कार्यक्रमात ते दोन कोपऱ्यांत बसू शकतात, चौघांत तोंड लपवायला जागा नसते आणि मग ते ओझं तुमच्या मानेवर येतं.

आणि 'अजून एकाला आणू का?' हा मेसेज येणारच. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा, आयत्या वेळी आपल्या तोंडातून 'हो हो, आण ना' निघून जातं. मी लिहिते: 'या वेळी मुद्दाम चौघंच ठरवलंय गं, त्याला पुढच्या वेळी नक्की बोलावू.' आणि पुढच्या वेळी खरंच बोलावते, म्हणून कुणाला राग येत नाही.

निमंत्रण

आठवडाभर आधी पाठवा. प्रत्येकाला वेगवेगळं, ग्रुप करून नाही, कारण ग्रुप केला की त्यात तारखांची ओढाताण, फोटो, गुड मॉर्निंग सगळं सुरू होतं आणि बैठकीआधीच तुम्ही दमता. मी साधारण असं लिहिते:

'शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसात घरी येशील का? आपण चौघंच आहोत,' मग बाकी दोघांची नावं, 'काही विशेष निमित्त नाही, एक मोठं जिगसॉ पझल आणलंय ते लावत गप्पा मारू. हात हलवत ये, काही आणू नकोस. नाही जमलं तर बिनधास्त सांग.'

यात कोण येणार, कधी संपणार, काय करायचं, काय आणायचं, चारही गोष्टी आल्या. येणाऱ्यांतलंही कुणीतरी आपल्यासारखंच असतं, त्यालाही याच चार गोष्टींची धाकधूक असते.

हातांना काहीतरी काम

माझ्या मते सगळ्यात मोठी युक्ती ही आहे आणि लोक नेमकी हीच विसरतात. चार माणसं नुसती समोरासमोर बसवली की बोलणं हेच एकमेव काम उरतं आणि मग दोन सेकंद शांतता झाली तरी सगळे अवघडतात. मधे काहीतरी ठेवलं की नजरेला जागा मिळते.

ते पझल मी पहिल्यांदा टेबलावर पसरलं तेव्हा हजार तुकडे बघून सगळ्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग एकीने काही न बोलता सरळ कडा असलेले तुकडे वेगळे काढायला घेतले. दुसरा एकजण, जो एरवी हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही, तो तिच्या शेजारी बसून निळे तुकडे गोळा करायला लागला, एकेक उचलून उजेडाकडे धरून बघायचा, आकाशाचा निळा का पाण्याचा निळा, आणि दोन वेगळे ढीग करायचा. वीसेक मिनिटं त्यांच्यात 'हा बघ', 'नाही, हा उलटा आहे' एवढंच चाललं होतं. आणि मग एक तुकडा हातात तसाच धरून, खाली बघतच तो म्हणाला की वडील गेल्यापासून त्याला घरी लवकर जावंसं वाटत नाही. कुणी एकदम सांत्वन वगैरे करायला गेलं नाही. तिने विचारलं, 'संध्याकाळी सगळ्यात जास्त जाणवतं का?' आणि तो बोलत राहिला. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर तो हे कधीच बोलला नसता, याची मला खात्री आहे.

पझलच हवं असं नाही. पत्ते चालतील, नियम दोन मिनिटांत कळतील असा बोर्ड गेम चालेल, जुने फोटो लावायचे असतील, कुंड्या बदलायच्या असतील, विणकाम, चित्रं रंगवणं, सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करणं, काहीही, फक्त दोन अटी: हात हलताना तोंड मोकळं राहिलं पाहिजे, आणि अर्धवट सोडलं तरी चाललं पाहिजे. जिंकण्या-हरण्याचे, ओरडाआरडा होणारे खेळ टाळा. सिनेमा लावायचा असेल तर लावा पण मग ती सिनेमा बघण्याची संध्याकाळ होते, गप्पांची नाही.

खोली

बसायला खुर्च्या तेवढ्याच ठेवा जेवढी माणसं, रिकाम्या खुर्च्या असल्या की लोक लांब लांब बसतात. एका रांगेत किंवा अगदी समोरासमोर मांडू नका, टेबलाच्या कोपऱ्याला धरून काटकोनात मांडा. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात जेवणाच्या टेबलांवरची माणसं बघून हेच नोंदवलं होतं, कोपऱ्याला लागून बसलेली माणसं जास्त बोलतात. काटकोनात बसलं की बघावंसं वाटलं तर बघता येतं, नाही वाटलं तर समोर भिंत असते.

डोक्यावरचा मोठा दिवा बंद करून बाजूचे एक-दोन लहान दिवे लावा. पझल असेल तर एक दिवा टेबलावर. गाणी लावणार असाल तर अगदी हळू आणि शब्द नसलेली, कारण मागे आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, एतियेन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. एकाने चढवला की दुसरा चढवतो आणि अर्ध्या तासात सगळी खोली ओरडून बोलायला लागते. मी तर गाणी लावतच नाही.

आणि आपल्यासाठी एक पळवाट ठेवा. खोली दुसरी असेल तर तिथला पंखा-दिवा चालू ठेवा, नाही तर बाल्कनी, नाही तर स्वयंपाकघर.

त्या दिवशी

आवराआवर आदल्या दिवशी उरका. खाण्याचं असं ठेवा की लोक आल्यावर तुम्हाला गॅसपाशी उभं राहावं लागणार नाही आणि ज्याला हवं तो आपल्या हाताने घेईल. लोक यायच्या आधीचे दोन तास कुणालाही देऊ नका, ना कामाचा फोन ना बाजारहाट. मी त्यातला शेवटचा अर्धा तास पडून राहते. झोपत नाही, मोबाइल बघत नाही, फक्त पडून राहते.

दुपारी कधीतरी 'कॅन्सल करूया का' असं वाटेल. मला आजही दर वेळी वाटतं, हातात फोन घेऊन मेसेज टाइप करण्यापर्यंत मजल जाते. त्यासाठी एक नियम करून ठेवलाय, आजारी असेन तरच रद्द, बाकी नाही. याला आधारही आहे: २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन झेलेन्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की अंतर्मुख माणसं लोकांत मिसळण्याआधी आपल्याला किती मजा येईल याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी करतात. दुपारची ती हुरहूर हा अंदाज आहे, अनुभव नाही. पण याचा अर्थ रोज उठून बडबडं व्हा असाही नाही. २०१९ च्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर बहिर्मुख वागायला सांगितलं तेव्हा जे मुळात अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला आणि ते दमलेही जास्त. महिन्या-दीड महिन्यातून एकदा अडीच तास, एवढंच.

पहिली पंधरा मिनिटं

ही सगळ्यात अवघड. बेल वाजते, चपला काढणं, 'कशी आहेस', पिशव्या कुठे ठेवू, आणि अजून दोघं यायचीत. यासाठी त्या पहिल्या नावाच्या मैत्रिणीला पंधरा मिनिटं आधी बोलवा. बेल वाजेल तेव्हा घरात आधीच एक आपलं माणूस असतं आणि नवीन येणारा रिकाम्या शांत खोलीत येत नाही. जो येईल त्याला लगेच छोटं काम द्या, तुकडे सुटे करायला, पाण्याचा जग भरायला. काम हातात आलं की पाहुणेपण गळून पडतं. ओळख करून देताना नुसतं नाव आणि नोकरी सांगू नका. 'ही गच्चीवर तेवीस कुंड्या सांभाळते आणि याने परवाच पहिलं झाड आणलंय,' असं सांगा, पुढचं त्यांचं ते बघतात.

गप्पा

फार तयारी लागत नाही. प्रत्येकाबद्दल एक गोष्ट आधी आठवून ठेवा, गेल्या भेटीत तो काय म्हणाला होता ती. 'काय चाललंय' ला 'ठीक' एवढंच उत्तर येतं, पण 'घर बदलायचं म्हणत होतास, त्याचं काय झालं' ला माणूस दहा मिनिटं बोलतो. आणि तो बोलला की त्यातलंच काहीतरी धरून पुढचा प्रश्न. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच मांडलं, ऐकलेल्यातूनच पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. आपल्यासारख्यांना हे मुळातच येतं, आपण ऐकत असतो. फक्त जे ऐकलं त्यावरचा प्रश्न मनात न ठेवता तोंडाने विचारायचा.

शांतता झाली तर होऊ द्या. भरायला धावू नका. तुकडे लावा.

मधे डोकं भणभणायला लागलं तर उठा. यजमान असण्याचा हा फार मोठा फायदा आहे, 'पाणी आणते' म्हणून तुम्ही केव्हाही उठू शकता, पाहुण्याला हे जमत नाही. स्वयंपाकघरात तीन-चार मिनिटं उभं राहा, गार पाण्याने हात धुवा, लांब श्वास सोडा, या परत. जवळच्या माणसांना मी आता सरळच सांगते की मी पाच मिनिटं आत बसून येते, तुमचं चालू द्या, आणि खरंच चालू राहतं. पहिल्यांदा सांगताना घसा कोरडा पडला होता, पण कुणी वरसुद्धा बघितलं नाही.

निरोप

संपायच्या वीस मिनिटं आधी नवीन काही वाढू नका, नवीन डाव मांडू नका. साडेसातला पाच कमी असताना म्हणा, 'चला, आता मी आवरते, आज फार छान वाटलं.' आणि म्हणताना उभ्या राहा. बसून म्हटलं तर कुणी उठत नाही, उभं राहून म्हटलं की सगळे उठतात. मग दारातल्या गप्पा, त्या आपल्याकडून सुटत नाहीत, एक पाय चपलेत घालून लोक नवा विषय काढतात. दारात थांबण्याऐवजी त्यांच्याबरोबर खाली उतरा, कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि तिथून तुम्ही परत फिरा. दार लावून कुणाला घालवल्यासारखं होत नाही आणि परतीची ती दोन मिनिटं एकटं चालणं मला फार आवडतं.

नंतर

भांडी सकाळी घासा. दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवा.

रात्री अंथरुणात 'मी ते असं कसं बोलले' सुरू होतं. तेव्हा एवढं आठवा: २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नवीन ओळख झाल्यावर समोरच्याला आपण जितके आवडलो असं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खरं तर जास्त आवडलेलो असतो. तुम्ही ज्या वाक्यावर तळमळताय ते त्यांच्या लक्षातही नसेल.

मी एका वहीत तीन ओळी लिहिते: किती जण होते, किती वेळाने दमले, पुढच्या वेळी काय बदलायचं. सहा-सात वेळच्या नोंदी झाल्या की तुमचा आकडा तुम्हाला कळतो. माझ्या वहीवरूनच मला कळलं की रविवार मला जमत नाही, सोमवार डोक्यात बसलेला असतो, आणि शनिवारी तेच लोक, तीच खोली, पण मी अर्धीच दमते.

आणि पाहुणे म्हणून जाताना

थोडक्यात सांगते. कोण कोण आहे आणि साधारण किती वाजेपर्यंत आहे हे निःसंकोच विचारा. उशिरा नको, वेळेवर किंवा थोडं लवकर जा, भरलेल्या खोलीत शिरण्यापेक्षा रिकामी खोली हळूहळू भरताना बघणं सोपं जातं. परत येण्याची सोय स्वतःची ठेवा, दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहू नका. गेल्या गेल्याच यजमानाला सांगून ठेवा, 'मला आठला निघायचंय,' म्हणजे आठला उठताना कारणं द्यावी लागत नाहीत. खोलीभर निरोप घेत फिरू नका, यजमानाला भेटा आणि निघा. दुसऱ्या दिवशी त्यांना दोन ओळींचा मेसेज करा, काय आवडलं ते नेमकं लिहून.